पेंगाब्दी सेतान: पाहण्याआधी, पाहताना आणि दिवे लावून बसल्यावर विचारले जाणारे प्रश्न

हा इंडोनेशियाचा भयपट मी आतापर्यंत चार वेगवेगळ्या घोळक्यांना दाखवला: कॉलेजच्या मैत्रिणी, ऑफिसातले, घरचे आणि भाच्याच्या हट्टापायी एकदा त्याची टोळी. माणसं बदलली, प्रश्न तेच राहिले. दर वेळी व्हॉट्सॲपवर तेच टाइप करण्यापेक्षा इथे एकदाच लिहून ठेवते. जिथे शेवट फुटतो तिथे आधीच तसं म्हटलं आहे. सिनेमा पाहिला नसेल तर तेवढं उत्तर गाळून वाचा.

नाव कसं म्हणायचं आणि त्याचा अर्थ काय?

पेंगाब्दी सेतान. 'सेतान' म्हणजे आपला सैतान. 'पेंगाब्दी' म्हणजे एखाद्याच्या सेवेला वाहिलेले, दास. बाहेरच्या देशांत तो 'सॅटन्स स्लेव्ज' या नावाने गेला, त्यामुळे शोधताना दोन्ही नावं टाकून पाहा. आणि साल तपासा. याच नावाचा एक सिनेमा १९८० चाही आहे. इथे आपण बोलतोय तो २०१७ चा, जोको अनवर यांनी दिग्दर्शित केलेला. आमच्याकडे एकदा चुकून जुना लागला होता आणि वीस मिनिटं कोणाच्या लक्षातच आलं नाही. सगळे आपले 'प्रिंट खराब आहे' म्हणत बसले.

गोष्ट काय आहे? फोडू नका, नुसती सांगा.

साल १९८१. जावा बेटावरचं एक जुनं, एकाकी घर आणि शेजारी कबरस्तान. घरातली आई एकेकाळची गायिका, आता तीन वर्षं अंथरुणाला खिळलेली. आजार काय आहे ते कळत नाही. थोरली मुलगी रिनी, तिच्या पाठचा टोनी, मग बोन्दी आणि शेंडेफळ इआन, ज्याला ऐकू-बोलता येत नाही. शिवाय वडील आणि आजी. पैसा संपलाय. सिनेमाची सुरुवात भुताने होतच नाही. रिनी रेकॉर्ड कंपनीत आईच्या गाण्यांची रॉयल्टी मागायला गेलेली असते आणि हात हलवत परत येते. मग आई जाते. वडील पैशांची सोय बघायला शहराकडे जातात. घरात उरतात चार मुलं आणि आजी.

खरंच इतका घाबरवतो, की नुसता गाजावाजा?

माणसावर आहे. ऑफिसच्या घोळक्यात एक जण होता. एरवी गाडी चालवताना लाल सिग्नलला जुमानत नाही. तो पंचविसाव्या मिनिटाला 'फोन आलाय' म्हणून बाल्कनीत गेला. फोन आला नव्हता. माझी आई मात्र पूर्ण वेळ शेंगा सोलत बसली होती आणि शेवटी म्हणाली, "यापेक्षा आमच्या गावची विहीर वाईट."

दचकवण्याच्या जागा भरपूर आहेत. मला मात्र त्यांच्या आधीचा वेळ जास्त जाणवतो. कॅमेरा दारापाशी थांबतो, कोणी काही करत नाही, आणि आपल्या खोलीतली माणसं चिवडा चघळायची थांबतात.

सगळे त्या घंटेबद्दलच का बोलतात?

आईला बोलता येत नाही, म्हणून तिच्यापाशी एक छोटी घंटा ठेवली आहे. ती वाजली की कोणीतरी उठून जायचं. पाणी हवं असेल, कूस बदलायची असेल, काहीही असेल. सुरुवातीला ती वाजते तेव्हा पोरांच्या चेहऱ्यावर भीती नसते. थकवा असतो, आणि त्या थकव्याची थोडी लाजही. मग आई जाते, तिला पुरतात, लोक पांगतात. आणि घंटा वाजते.

माझी आजी शेवटची दोन वर्षं पडून होती. तिच्याकडे घंटा नव्हती, ती स्टीलच्या वाटीवर चमचा आपटायची. टण, टण, जरा थांबून पुन्हा टण. माझं दहावीचं वर्ष होतं आणि मी कित्येकदा ऐकू न आल्यासारखं केलंय. ती गेल्यावर आईने ती वाटी मोडीत घातली नाही, मागच्या फळीवर ठेवून दिली. हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला त्या रात्री पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तर त्या फळीकडे पाठ करायचं धाडस होईना.

चारही वेळा मी एक गोष्ट पाहिली. ज्यांनी घरात कोणाचं लांबलेलं आजारपण काढलंय, ते घंटेला घाबरतात. ज्यांनी काढलं नाही, ते पोचोंगला, म्हणजे कफनातल्या भुताला, घाबरतात. टोनी आईचे केस विंचरतो तो प्रसंग लागला की पहिल्या गटातली माणसं पडद्यावरून नजर काढून दुसरीकडे बघायला लागतात, आणि तेही काही व्हायच्या आधीच.

"अगं, पण त्या बाईला दवाखान्यात का नाही नेलं?"

हा प्रश्न माझ्या मामीचा. पण प्रत्येक घोळक्यात एक मामी असतेच. उत्तर असं की नेलं असणारच. घरातला पैसा मग गेला कुठे? सिनेमा ते दाखवत बसत नाही, पण देणी थकलेल्या घराची कळा सगळीकडे आहे. मामीला हे पटलं नाही. "निदान दुसरं मत घ्यायचं," म्हणाली.

ते कापडात गुंडाळलेले पोचोंग म्हणजे नक्की कोण?

कफनातलं प्रेत. मुसलमानी रिवाजाने दफन करताना देह पांढऱ्या कापडात गुंडाळून डोक्यावर, पायाशी आणि मध्ये गाठी मारतात. कबरीत ठेवल्यावर त्या सोडतात. इंडोनेशियातली समजूत अशी की गाठी सोडायच्या राहिल्या तर आत्मा अडकतो आणि पोचोंग होऊन येतो, 'माझी गाठ सोड' म्हणून. पाय बांधलेले असल्यामुळे लोककथांमधला पोचोंग चालत नाही, उड्या मारतो.

आणि इथेच आपल्याकडची पोरं हसतात. भाच्याच्या टोळीतला एक ओरडला, "अरे, पोत्याची शर्यत!" गंमत म्हणजे पोत्याची शर्यत इंडोनेशियातही आहे. तिथे १७ ऑगस्टला, स्वातंत्र्यदिनी, गल्लोगल्ली ती लावतात. त्यामुळे पोचोंग त्यांनाही हास्यास्पद वाटू शकतो, आणि वाटतोही. पोचोंगच्या विनोदांचा तिथे सुकाळ आहे. २०२० च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या काळात, जावामधल्या केपुह नावाच्या गावाने लोकांना घरात बसवण्यासाठी रात्री पोचोंगचा वेष केलेले स्वयंसेवक रस्त्यावर बसवले. सुरुवातीला झालं उलटंच. लोक पोचोंग बघायला घराबाहेर पडले.

पण ज्याने आपल्या माणसाला त्या कापडात गुंडाळलेलं पाहिलंय, त्याच्यासाठी ते भुताचं सोंग राहत नाही. आपल्याकडे कोणी तिरडीवर बांधलेला माणूस उठून चालताना दाखवला, तर आपण हसू का? मी तरी नाही.

कुंतिलानाक म्हणजे आपली हडळच ना?

जवळपास. गरोदरपणी किंवा बाळंतपणात गेलेली बाई, मोकळे केस, पांढरा पायघोळ झगा. आपल्याकडे अशीला हडळ म्हणतात, जुन्या लोकांच्या तोंडी 'अळवंत' हाही शब्द असायचा. फक्त या सिनेमात कुंतिलानाक नाही. लांब केस आणि पांढरा गाऊन पाहून लोक तसं धरून चालतात, पण ती आई आहे. हा फरक लहान वाटतो, पण सगळा सिनेमा त्यावरच उभा आहे.

इंडोनेशियात लोकांनी एवढं डोक्यावर का घेतलं?

आधी आकडा सांगते. ४२ लाखांहून जास्त प्रेक्षक. तिकडे सिनेमाचं यश पैशांत नाही, प्रेक्षकांच्या संख्येत मोजतात. 'किती कोटी' नाही, 'किती जण'. मला ही पद्धत फार आवडते. त्या वर्षी तिथल्या देशी सिनेमांत हा पहिला आला. वर फेस्टिव्हल फिल्म इंडोनेशियात ७ चित्रा पुरस्कार मिळाले. छायाचित्रण, कलादिग्दर्शन, आवाज अशा कारागिरीच्या बाजू त्यात होत्या, आणि इआन झालेल्या छोट्या मुहम्मद अधियातलाही पुरस्कार होता.

दुसरं म्हणजे भयपट तिथे नेहमीच चालत आलाय. सुझ्झाना ही सत्तर-ऐंशीच्या दशकातली नटी तिथे भयपटांची राणी म्हणून आजही ओळखली जाते. पण मध्यंतरी स्वस्तातल्या, अर्धे कपडे आणि अर्धं भूत अशा सिनेमांनी बाजार भरला होता. मग हा आला. नीट लिहिलेला, नीट चित्रित केलेला, आणि कुटुंबाने एकत्र बघावा असा. मलेशियातही चांगला चालला. वडिलांचं काम करणारे ब्रॉन्ट पलारे मुळात मलेशियाचेच.

यानंतर आकडे चढतच गेले. २०२२ चा 'केकेएन दी देसा पेनारी' ९० लाखांच्या पुढे गेला. ट्विटरवर टोपणनावाने लिहिलेल्या एका लांबलचक भुताच्या कथेवरून तो काढला होता. केकेएन म्हणजे कॉलेजच्या पोरांनी खेड्यात राहून करायचं समाजकार्य. आपल्या एनएसएसच्या शिबिरासारखंच समजा, आणि त्या शिबिरांमध्ये रात्री काय गप्पा रंगतात ते तुम्हाला माहीत आहेच.

नमाजाच्या प्रसंगावरून आणि उस्तादावरून, म्हणजे धर्मगुरूवरून, एवढा वाद का? (इथे थोडं फुटतं)

कारण प्रेक्षकाशी झालेला जुना करार इथे मोडतो.

१९८० च्या सिनेमात एक सधन, देवाधर्मापासून लांब गेलेलं घर आहे. आई मरते, घरात दारमिना नावाची मोलकरीण येते आणि तिच्याबरोबर सैतान. शेवटी एक धर्मगुरू येतात, सैतानाचा नाश होतो आणि कुटुंब श्रद्धेकडे वळतं. हुकूमशहा सुहार्तो यांच्या राजवटीतल्या भयपटांचा शेवट जवळजवळ ठरलेलाच असे: चांगल्याचा विजय, आणि तो धर्माच्या हातून. ही राजवट १९९८ मध्ये संपली, पण प्रेक्षकांच्या अंगात ती सवय मुरली होती. पडद्यावर दाढीवाले शांत गृहस्थ आले की सुटकेचा श्वास टाकायचा.

२०१७ च्या सिनेमात रिनी पांढरा मुकेना घालून नमाज पढायला उभी राहते आणि तिला तिथेच गाठलं जातं. उस्ताद भले आहेत, खोटे नाहीत. पण त्यांचा स्वतःचा मुलगा जातो आणि ते कोसळतात. शेवटी तेही वाचत नाहीत. ज्या देशात सुमारे ८७ टक्के लोक मुसलमान आहेत, तिथे हे पाहून बऱ्याच जणांना राग आला. प्रार्थना कामी येत नाही असं दाखवायचं आहे का, असं त्यांनी विचारलं. उलट बाजूचं म्हणणं असं की हे घर संकट आल्यावर घाईघाईने प्रार्थनेला लागलंय, श्रद्धेने नाही, आणि सिनेमा तेच सांगतो. मला दुसरं म्हणणं जरा ओढूनताणून वाटतं. माझ्या मते अनवर यांना धर्माबद्दल काही म्हणायचं नाहीये, त्यांना फक्त तुमची सुटकेची जागा काढून घ्यायची आहे. हनुमान चालिसा म्हणत असताना दिवा गेला तर काय होईल, याचा विचार करा.

कॉलेजच्या घोळक्यातली एक मैत्रीण मुसलमान घरातली आहे. तो प्रसंग संपल्यावर ती म्हणाली, "लहानपणी सजद्यात डोकं टेकलं की मागे कोणीतरी उभंय असं हमखास वाटायचं. अम्मीला सांगायची हिंमत झाली नाही कधी." बाकीच्या आम्ही तो प्रसंग पाहून दचकलो होतो. ती सिनेमा सुरू व्हायच्या कितीतरी आधीपासून दचकलेली होती.

पात्रांची नावं ओळखीची का वाटतात?

कारण ती आहेतच. आजीचा जुना परिचित, जो गूढ विद्येवर लिहितो, त्याचं नाव बुदीमान, म्हणजे आपला बुद्धिमान. आईचं काम केलेल्या आयु लक्ष्मी. 'चित्रा' पुरस्कारातलं चित्र. केकेएनच्या नावातलं 'देसा' म्हणजे खेडं, मूळ शब्द देश. कोकणी माणूस 'देशावर' म्हणतो तेव्हा त्याच्या मनातही थोडंफार तेच असतं. संस्कृत शब्द जावात गेले आणि तिथलेच होऊन राहिले. आमच्याकडे निम्मा वेळ सबटायटल वाचण्यापेक्षा असे शब्द पकडण्यातच गेला.

मूळ आवाजात पाहावा की डब केलेला?

मूळ आवाजात. मुलं आईला 'इबू' अशी हाक मारतात ती तशीच ऐकायला हवी.

आईचं गाणं कोणाचं आहे? खरंच जुनं आहे का?

नाही. 'केलाम मालाम' हे गाणं या सिनेमासाठीच केलंय, द स्पाउस या मंडळींनी. पण ते जुन्या तबकडीवरून उचलल्यासारखं वाटतं, आणि तेच त्याचं यश. पुरस्कारांत तेही होतं. योगायोग असा की आयु लक्ष्मी स्वतः बालीच्या गायिका, नव्वदीच्या सुरुवातीला रॉक गाणाऱ्या. ऐकायचं असेल तर दिवसा ऐका.

ते घर खरं आहे का?

आहे. पश्चिम जावात बांडुंगच्या दक्षिणेला पांगालेंगान म्हणून चहामळ्यांचा थंड डोंगराळ भाग आहे, तिथलं जुनं घर. सिनेमा गाजल्यावर लोक ते बघायला जाऊ लागले, आतमध्ये फोटो काढू लागले. रिकामं, पडकं घर म्हणून ज्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं, त्याला भुताने बरे दिवस आणले.

शेवट कळला नाही. इआनचं काय? आणि ते शेजारी कोण? (इथे सगळंच फुटतं)

आईला मूल होत नव्हतं, म्हणून ती एका पंथाकडे गेली. पंथाची अट अशी की शेवटचं मूल सात वर्षांचं झालं की ते आमचं. सगळं घर इआनला वाचवायच्या मागे लागतं, आणि आपणही. पण इआनला वाचवायचंच नव्हतं, तो मुळात त्यांचाच होता. बुदीमानला हे उशिरा कळतं. त्याच्या लेखाची दुरुस्ती घेऊन येणारा हेंद्रा, उस्तादांचा मुलगा, वाटेतच ट्रकखाली सापडतो. मला हा भाग भुतापेक्षा क्रूर वाटतो. बरोबर माहिती होती, कागदावर होती, आणि रस्त्यात पडून राहिली.

वर्षभरानंतर उरलेलं कुटुंब शहरात, फ्लॅटमध्ये राहतंय. शेजारीण खायला घेऊन येते, गोड बोलते. तिचं नाव दारमिना. जुना सिनेमा पाहिलेल्यांना हे नाव ऐकताच काटा येतो, बाकीच्यांना ती फक्त चांगली शेजारीण वाटते. थिएटरमध्ये ज्यांनी हे पकडलं त्यांनी शेजारच्यांना सांगायला सुरुवात केली असणार, याबद्दल मला शंका नाही. आमच्याकडे मीच सांगितलं आणि शिव्या खाल्ल्या.

म्हणजे आधी जुना पाहायलाच हवा?

नाही. नंतर पाहा. अनवर यांना तो लहानपणापासून प्रिय. पूर्वी ते सिनेमाचे समीक्षक होते, आणि हा नव्याने करायला मिळावा म्हणून त्यांनी निर्मात्यांचा बरीच वर्षं पिच्छा पुरवला. जुन्याची रात्रीची धुक्यातली दृश्यं अजूनही पाहण्यासारखी आहेत. बाकी संयम हवा.

काहीच खटकत नाही का?

खटकतं की. शेवटच्या अर्ध्या तासात सिनेमा घाई करतो. इतका वेळ आवाजावर आणि सावल्यांवर तोललेली भीती अचानक गर्दीत बदलते, आणि गर्दीची भीती वेगळी असते, जरा स्वस्त. पंथाची सगळी माहिती बुदीमानच्या लेखातून एकदम ओतली आहे. ऑफिसातला एक जण म्हणालाच, "हा पार्ट पीपीटीमध्ये द्यायला हवा होता." अमेरिकन भयपट भरपूर पाहिले असतील तर काही दचके आधीच ओळखू येतील. टोनी आणि रिनीच्या भांडणांना अजून जागा हवी होती असंही मला वाटतं. तारा बासरो रिनीचं काम इतकं नेटकं करते की तिला अजून बघावंसं वाटतं.

दुसरा भाग पाहावा का?

पाहा, पण अपेक्षा बदलून. 'कम्युनियन' २०२२ मध्ये आला आणि ६३ लाखांहून जास्त लोकांनी पाहिला. समुद्राजवळची एक बकाल बहुमजली इमारत, वादळ, पुराचं पाणी, आणि मेलेल्यांना पुरायला नेता येत नाही म्हणून प्रेतं रात्रभर ज्याच्या त्याच्या घरात. सुरुवात मात्र १९५५ ची, बांडुंग परिषदेच्या दिवसांतली. शाळेच्या इतिहासात नेहरूंच्या नावाबरोबर पाठ केलेली परिषद इथे भयपटात भेटते. 'गूढ हत्यां'चाही संदर्भ आहे. १९८० च्या दशकात सुहार्तोंच्या राजवटीत गुंड म्हणून ठरवलेल्या लोकांना गोळ्या घालून रस्त्यात टाकून देत, त्या हत्या. गोष्ट पहिल्याइतकी घट्ट नाही. पण लिफ्टचा एक प्रसंग आहे. आमच्या सोसायटीतले दोघं तो पाहिल्यावर आठवडाभर जिन्याने ये-जा करत होते, आणि त्यांतला एक सहाव्या मजल्यावर राहतो.

मुलांना दाखवू का?

दहा-बारा वर्षांच्यांना नको. भुतामुळे नाही, आई मरण्यामुळे. भाच्याच्या टोळीतली पोरं पंधरा वर्षांची होती आणि पोचोंगला खूप हसली. घरी जाताना मात्र चौघंही एकाच रिक्षात कोंबून बसली.

रात्री एकटीने पाहिला. आता झोप येत नाही. काय करू?

हॉलमधला दिवा चालू राहू दे. देवघरातली घंटा उचलून कपाटात ठेवू नका. मी ठेवली होती. सकाळी कुठल्या कपाटात ते आठवेना, आणि आई पूजेला बसल्या बसल्या ओरडली, "घंटा कुठाय गं?"